विश्लेषण : आईवडिलांची ‘वाटणी’ पडद्यावर आणणारे राजा परांजपे कोण होते? ‘ऊन पाऊस’चा प्रश्न आजही का सुटलेला नाही?

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यातले दिवेआगर शनिवार-रविवारी गजबजलेले असते. पुण्या-मुंबईच्या गाड्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये शिरतात, घरगुती खाणावळीत मोदकांची पाने वाढली जातात, संध्याकाळी किनारा भरून जातो. सोमवारी सकाळी गाड्या परततात. मग गावातल्या कितीतरी घरांत ओटीवर दोनच माणसे उरतात. त्यांची मुले मुंबईत, पुण्यात किंवा परदेशात असतात. गणपतीत आणि मे महिन्यात ती येतात. प्रत्येक भेटीत कधीतरी एक विषय निघतोच. आता दोघांनी इथे एकटे राहायचे की मुलांकडे जायचे? आणि जायचे तर कुणाकडे? दोघांनी एकाच घरी, की आईने एका मुलाकडे आणि वडिलांनी दुसऱ्याकडे? हा प्रश्न नवा नाही. सत्तर वर्षांपूर्वी, १९५४ मध्ये ‘ऊन पाऊस’ या मराठी चित्रपटाने तो जसाच्या तसा पडद्यावर मांडला होता. त्याचे दिग्दर्शक होते राजा परांजपे. त्यांची कारकीर्द आणि त्यांनी दाखवलेले घर समजून घेतले तर आजच्या अनेक घरांतली अडचणही समजते.

राजा परांजपे कोण होते?

राजा परांजपे यांचा जन्म २४ एप्रिल १९१० रोजी मिरजेत झाला. नाटक आणि गाणे या दोन्हींचे वेड असलेले हे गाव. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये झळकला तेव्हा परांजपे तीन वर्षांचे होते. ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट १९३२ मध्ये आला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. म्हणजे मराठी सिनेमा मुका असताना त्यांचे बालपण गेले आणि तो बोलू लागला तेव्हा ते कामाच्या शोधात होते. रंगभूमीवर काम करत करत ते चित्रपटांकडे वळले आणि भालजी पेंढारकर यांच्या हाताखाली त्यांनी ही कला शिकून घेतली. भालजींचा ओढा इतिहासाकडे आणि पराक्रमाकडे. त्यांच्या या शिष्याला मात्र तलवारीपेक्षा चूल आणि राजवाड्यापेक्षा माजघर जवळचे वाटले. दिग्दर्शक म्हणून त्यांची सुरुवात झाली ती १९४८ मध्ये. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. त्यानंतरच्या सुमारे वीस वर्षांत त्यांनी पंचवीसहून अधिक चित्रपट दिग्दर्शित केले. त्यांतल्या अनेकांत त्यांनी स्वतः भूमिकाही केल्या.

१९४८ हे वर्ष मराठी सिनेमासाठी कसे होते?

अतिशय वाईट. महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत कोल्हापूरचा भालजींचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. तयार चित्रफिती जळाल्या, माणसे पांगली. पुण्यात ‘प्रभात’ची घरघर सुरू झाली होती आणि १९५३ मध्ये ती कंपनी बंदच पडली. ज्या जागेत ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ तयार झाले तिथे पुढे, १९६० मध्ये, सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. मुंबईत हिंदी चित्रपटांचा पैसा आणि पसारा दोन्ही वाढत होते. बिनीचे मराठी कलावंत तिकडे ओढले जात होते. मोठे सेट, हजारोंची गर्दी, पोशाखी वैभव हे मराठी निर्मात्याच्या खिशाला परवडणारे राहिले नव्हते. मग उरले काय? चार खोल्यांचे घर, ओळखीची माणसे आणि नेमके लिहिलेले संवाद. परांजपे यांनी या अडचणीतूनच आपली वाट काढली. त्यांचा सिनेमा घरगुती झाला, यामागे त्यांची आवड होती आणि परिस्थितीचा रेटाही होता.

त्यांचे साथीदार कोण?

मराठी रसिक आजही ज्याला त्रिकूट म्हणून ओळखतात त्यात तीन नावे येतात. दिग्दर्शक राजा परांजपे, लेखक-कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके. १९४८ च्या ‘जिवाचा सखा’पासून हे तिघे एकत्र आले. माडगूळकर आणि फडके दोघेही १९१९ चे, परांजपे यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. माडगूळकर आटपाडीच्या माणदेशी मातीतून आलेले, फडके कोल्हापूरचे. आकाशवाणी पुणे केंद्रावरून १९५५ मध्ये सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’ने माडगूळकर-फडके ही जोडी घराघरांत पोहोचली, पण त्याआधीच चित्रपटांत त्यांचे सूर परांजपे यांच्या साथीने जुळले होते. १९५० मध्ये ‘पुढचं पाऊल’ आला. त्यात पु. ल. देशपांडे आणि हंसा वाडकर होते.

१९५२ मध्ये ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ असे दोन चित्रपट आले आणि परांजपे यांचे नाव सर्वतोमुखी झाले. ‘लाखाची गोष्ट’मध्ये लग्नासाठी अट आहे ती एक लाख रुपये ठरावीक मुदतीत खर्च करून दाखवण्याची. ज्यांना महिन्याची अखेर गाठताना नाकी नऊ येत होते त्या प्रेक्षकांना पैसा खर्च करता न येण्याची ही फजिती फार आवडली. या चित्रपटाने राजा गोसावी यांना नायक केले. त्या काळी ते चित्रपटगृहाच्या खिडकीवर तिकिटे विकत आणि आपल्याच चित्रपटाची तिकिटेही त्यांनी विकली, हा किस्सा पुण्यात आजही सांगितला जातो. ‘पेडगावचे शहाणे’ने वेडा कोण आणि शहाणा कोण, असा उलटा प्रश्न विचारला. त्याची हिंदी आवृत्ती ‘चाचा चौधरी’ या नावाने १९५३ मध्ये आली.

‘ऊन पाऊस’मध्ये काय आहे?

दोन विनोदी चित्रपटांच्या यशानंतर कुणीही तिसरा विनोदी चित्रपट काढला असता. परांजपे यांनी एका म्हाताऱ्या मास्तरांची गोष्ट निवडली. बापू मास्तर आणि त्यांची पत्नी यांनी आयुष्यभर काटकसर करून मुलांना वाढवले, शिकवले, मार्गी लावले. नोकरी संपते, हातपाय थकतात आणि आता आईवडिलांना सांभाळायचे कुणी, हा प्रश्न पुढे येतो. मुले त्यावर व्यवहारी तोडगा काढतात. वडील एकीकडे, आई दुसरीकडे. कुणावरच दोघांचा भार नको. चाळीस वर्षांचा संसार अशा रीतीने भांड्याकुंड्यांसारखा वाटून घेतला जातो.

मास्तरांची भूमिका स्वतः परांजपे यांनी केली. मास्तरीणबाई झाल्या सुमती गुप्ते. परांजपे तेव्हा अवघे चव्वेचाळीस वर्षांचे होते. म्हणजे वय झालेल्या माणसाची गोष्ट त्यांनी स्वतः म्हातारे होण्याच्या खूप आधी सांगितली. या गोष्टीत दुष्ट असे कुणी नाही, हे तिचे बळ. खलनायकाला शिव्या घालून प्रेक्षक मोकळा होतो. इथे तशी सोय नाही. मुलांची घरे लहान, पगार बेताचे, प्रत्येकाची अडचण खरी. तरीही त्या सगळ्या खऱ्या अडचणींची बेरीज दोन म्हाताऱ्या माणसांच्या ताटातुटीत होते. चित्रपटगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक त्यामुळे पडद्यावरच्या मुलांवर चिडण्याआधी स्वतःच्या घराचा हिशेब मांडू लागतो.

ही गोष्ट मुळात कुठली?

चित्रपटांचे अभ्यासक ‘ऊन पाऊस’चे नाते १९३७ च्या ‘मेक वे फॉर टुमॉरो’ या अमेरिकी चित्रपटाशी जोडतात. लिओ मॅकॅरी यांच्या या चित्रपटात बँकेचे कर्ज न फिटल्याने एका वृद्ध जोडप्याचे घर जाते. मुले पाच, पण दोघांना एकत्र ठेवायला कुणी तयार नाही. आई मुलाकडे, वडील मुलीकडे, मधे शेकडो मैल. शेवटी रेल्वे स्थानकावर दोघे एकमेकांचा निरोप घेतात. अमेरिकेत मंदीचे दिवस होते, त्यामुळे प्रेक्षकांना हे दुःख विकत घ्यायचे नव्हते. चित्रपट चालला नाही. मॅकॅरी यांना त्याच वर्षीच्या दुसऱ्याच, विनोदी चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले.

याच विषयावर जपानमध्ये यासुजिरो ओझू यांनी १९५३ मध्ये ‘टोकियो स्टोरी’ केला. ओनोमिची या किनाऱ्यावरच्या गावातून आईवडील टोकियोत मुलांना भेटायला येतात. मुलगा डॉक्टर, मुलीचे केशकर्तनालय. कुणालाच वेळ नाही. वेळ काढते ती युद्धात नवरा गमावलेली सून. आज जगातल्या सर्वोत्तम चित्रपटांच्या याद्यांत ‘टोकियो स्टोरी’ अग्रभागी असतो. ‘ऊन पाऊस’ त्याच्या पाठोपाठ, वर्षभरात आला. अमेरिकेत मंदीने घरे मोडली, जपानमध्ये युद्धाने आणि महानगराने, तर महाराष्ट्रात नोकरीसाठी गाव सोडण्याने. कारणे वेगवेगळी असली तरी घरातली रिकामी खुर्ची सगळीकडे सारखीच होती.

परांजपे यांनी मात्र गोष्ट उसनी आहे असे कधी वाटू दिले नाही. नायकाला त्यांनी मास्तर केले. त्या काळच्या महाराष्ट्रात गावाला शहाणे करणारा आणि स्वतः मात्र फाटक्या कोटात राहणारा मास्तर कुणाला ठाऊक नव्हता? सगळ्या गावाची मुले आपली मानणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलांच्या घरात जागा मिळत नाही, ही टोचणी खास इथली आहे. पुढे १९५८ मध्ये बी. आर. पंतुलू यांनी कन्नडमध्ये ‘स्कूलमास्टर’ हा याच सूत्राचा चित्रपट केला आणि ही गोष्ट दक्षिणेत रुजली. हिंदीत २००३ च्या ‘बागबान’पर्यंत तिचा धागा पोहोचतो.

बदलणारी वस्ती त्यांच्या चित्रपटांत कशी दिसते?

१९५० च्या दशकात मराठी मध्यमवर्गाचा पत्ताच बदलत होता. वाड्यातून चाळीत, चाळीतून दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये अशी माणसे सरकत होती. वाड्यात म्हातारी माणसे ओटीवर किंवा पडवीत बसत, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. घरात त्यांना स्वतंत्र खोली नसे, पण त्यांची जागा ठरलेली असे. ब्लॉकमध्ये खोल्या मोजून आल्या, तशी माणसेही मोजली जाऊ लागली. परांजपे यांच्या चित्रपटांत हा बदल भाषणातून येत नाही. भाड्याची खोली, पाहुण्याची अडचण, लग्नाची बोलणी, उसने पैसे, शेजाऱ्यांचे कान यांतून तो दिसतो. ‘गंगेत घोडं न्हालं’, ‘आंधळा मागतो एक डोळा’, ‘देवघर’, ‘गाठ पडली ठका ठका’, ‘आधी कळस मग पाया’ ही नावेच पाहा. म्हणी, वाक्प्रचार आणि घरातले शब्द. प्रेक्षकाला चित्रपटाचे नाव वाचतानाच आपल्या घरातले कुणी बोलल्यासारखे वाटावे, अशी ही योजना होती.

या घरगुती चित्रपटांनी कलावंतही घडवले. रमेश देव यांना ‘आंधळा मागतो एक डोळा’ने संधी दिली. सीमा देव यांचा १९६० च्या ‘जगाच्या पाठीवर’मधील अभिनय आजही आठवला जातो. त्या चित्रपटात परांजपे यांनी साकारलेल्या भोळ्या, भटक्या माणसावर चार्ली चॅप्लिनची छाया आहे. १९६३ च्या ‘हा माझा मार्ग एकला’मधून लहानग्या सचिन पिळगावकर यांचे पदार्पण झाले. १९६४ चा ‘पाठलाग’ हा मात्र वेगळ्या वाटेचा. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरचा तो रहस्यपट, त्यावरून राज खोसला यांनी १९६६ मध्ये हिंदीत ‘मेरा साया’ केला. हे दोन्ही मराठी चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारांत आपापल्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरले.

शेवटची वर्षे कशी होती?

साठच्या दशकाच्या अखेरीस मराठी चित्रपटाची हवा बदलली. तमाशापट आधीपासून जोरात होतेच, सत्तरच्या दशकात दादा कोंडके यांच्या चित्रपटांनी तिकीटबारी काबीज केली. मध्यमवर्गीय घरातली, हलक्या आवाजातली गोष्ट मागे पडली. जो प्रेक्षक परांजपे यांचा होता तो हळूहळू नाटकांकडे आणि नंतर दूरचित्रवाणीकडे वळला. १४ डिसेंबर १९७७ रोजी माडगूळकर गेले आणि त्रिकूट मोडले. त्यानंतर चौदा महिन्यांनी, ९ फेब्रुवारी १९७९ रोजी, राजा परांजपे यांचे निधन झाले. सुधीर फडके २००२ पर्यंत होते. पुण्यात आज परांजपे यांच्या नावाचे प्रतिष्ठान आहे, त्यांच्या चित्रपटांचे महोत्सव होतात. पण ज्या मोबाइलवर आज बहुतेक जण सिनेमा पाहतात तिथे ‘ऊन पाऊस’चे नाव क्वचितच समोर येते.

त्यांचा वारसा कुणी चालवला?

विषय थांबला नाही. वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगभूमीवर आले. सगळे मुलांना देऊन टाकलेल्या बापाची ती शोकांतिका. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ने मुले दूर गेल्यावर एकमेकांच्या आधाराने दिवस काढणाऱ्या जोडप्याला मंचावर आणले. दळवी स्वतः कोकणातल्या आरवलीचे. १९९८ मध्ये संजय सूरकर यांच्या ‘तू तिथं मी’मध्ये मोहन जोशी आणि सुहास जोशी यांनी पुन्हा मुलांमध्ये वाटले गेलेले आईवडील उभे केले. ‘ऊन पाऊस’नंतर चव्वेचाळीस वर्षांनी तीच गोष्ट मराठी प्रेक्षकाला जुनी वाटली नाही. म्हणजे मधल्या काळात घरे बदलली, पगार वाढले, पण तोडगा तोच राहिला होता.

कायद्याने काही फरक पडला का?

काही प्रमाणात. ‘ऊन पाऊस’ आला त्यानंतर दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवरही टाकली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आईवडिलांना निर्वाहभत्ता मागण्याचा हक्क मिळाला. २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जाने दाद मागता येते आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो. सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा जमीन मुलांच्या नावे केली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्दही होऊ शकतो. मात्र ती अट पाळली जाईल असे गृहीत धरून चालत नाही, ती बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहिलेली असणे हिताचे.

तरीही बापू मास्तरांचा प्रश्न या कायद्यांच्या कक्षेत पूर्ण बसत नाही. त्यांना दोन वेळचे जेवण मिळत होते. हरवली होती ती सोबत. दोघांना एकाच छपराखाली ठेवा, असा आदेश कुठलाही कायदा मुलांना देत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिक सुमारे १० कोटी ४० लाख होते, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण देशाहून अधिक, जवळपास १० टक्के होते. त्यानंतर ते वाढतच गेले आहे.

मग दिवेआगरला यातून काय घेता येईल?

दिवेआगरला लिहून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. इथे सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा ताम्रपट मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो आणि त्यातही आहे ती व्यवहाराचीच नोंद. वाडीची वाटणी, विहिरीच्या पाण्याची पाळी, सातबाऱ्यावरची नावे यांची बोलणी घरोघरी होतात. आईवडिलांच्या म्हातारपणाची बोलणी मात्र कुणी आजारी पडल्यावर, दवाखान्याच्या बाकावर होतात. तोवर निवड करायला फारसे काही उरलेले नसते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. इथली रोठा सुपारी प्रसिद्ध, पण पोफळ लावल्यापासून ती धरायला पाच ते सात वर्षे लागतात. सत्तरी गाठलेल्या माणसाने रोप लावायचे तर त्याला पुढे ही सुपारी उतरवणार कोण, याचे उत्तर हवे असते. काहींनी रोपे लावली. काहींनी वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, कारण त्यानिमित्ताने एखादा मुलगा गावी परतला. ज्या घरात असे झाले तिथे आईवडिलांची वाटणी करण्याची वेळ आली नाही. पण प्रत्येक मुलाला परतणे जमणारे नाही, हेही तितकेच खरे.

राजा परांजपे यांनी ‘ऊन पाऊस’मध्ये मुलांना शिक्षा केली नाही. त्यांनी फक्त दोन माणसांना वेगळ्या घरांत नेऊन ठेवले आणि प्रेक्षकाला त्यांच्याकडे पाहायला लावले. पुढच्या वेळी घरात हा विषय निघाला तर खर्च कुणाचा आणि खोली कुणाची, याआधी एक साधी गोष्ट विचारता येईल. त्या दोघांना काय हवे आहे? बापू मास्तरांना आणि त्यांच्या पत्नीला ते कुणी विचारले असते, तर चित्रपट पहिल्या भागातच संपला असता.